साडेचार सुती

तिसऱ्या गेटाच्या अलीकडं, उद्यमबागच्या तोंडाला
मस्तानचाचा नदाफांचं गॅरेज.
पाट्या दोन, दोन्हींवरचा रंग उडालेला.
मधे उभी आमची पिकअप,
नंबर म्हैसूर राज्याच्या वेळचा,
पाठीमागच्या फळ्यांच्या फटींत अजून
वडगावच्या मागांना पोचवलेल्या सुताचे धागे.

चॅसी इंचात. इंजिन मिलिमीटरचं.
चौऱ्याऐंशी साली बापूंनी पेट्रोलचं उपसून डिझेलचं बसवलं,
तेव्हापासून ही गाडी
कंबरेखाली एक माप बोलते, छातीत दुसरं.
आरसी बुक कन्नडात.
दाराच्या आतल्या अंगाला बापूंचा खडू:
शहापूर ३ गाठी, बाकी ११ रु.
गाडी धुताना तेवढी जागा मी सोडते.

चौदाचा पाना लावला. बसत नाही.
पंधराचा बसतो, पण डुलतो,
जोर दिला की बोल्टाच्या कडा खातो.
"तो चौदाचा नव्हं गं, उज्ज्वल,"
चाचा बाजेवरून. मोतीबिंदूनं डोळे दुधाळलेले.
उठले, चाचपडत आले,
माझं बोट धरून बोल्टाच्या डोक्यावरून फिरवलं,
सहाही बाजूंनी, सावकाश.
"साडेचार सुती."

सुतात वाढले मी.
सूत तुटलं की माग थांबायचा
आणि घरातली भांडणं अचानक ऐकू यायची.
पण इंचाचे आठ वाटे केले
तर त्यातल्या एकालाही सूतच म्हणतात,
हे त्रेचाळिसाव्या वर्षी
माझ्या ग्रीस लागलेल्या बोटाला कळलं.

खडेबाजारात चार दुकानं हिंडले.
"साडेचार काय? एमएममधे सांगा की ओ."
एकानं मोबाइलवर बघून सांगितलं,
चौदा पूर्णांक दोन आठ काहीतरी.
त्या काहीतरीवरच तर सगळं अडलं होतं.
शेवटी रविवार पेठेत भंगाराच्या ढिगातून निघाला एक,
दांडा वाकलेला, आकडा झिजलेला. तीस रुपये.

मग डावं पुढचं चाक.
त्याचे नट सहा सुती. एकोणीसचा पानाही चालतो त्यांना,
तेवढ्या एका मापावर दोघांचं सूत जुळतं.
पाना बसला चपखल, नट हलेना.
पाईप लावला, पाईपवर उभी राहिले
सगळ्या वजनानिशी.
शेजारच्या लेथवरचा इराप्पा चहा ठेवून आला,
स्टडच्या टोकावरचा गंज थुंकी लावून पुसला,
खाली 'एल' अक्षर.
"एडक्क अल्ला, बलक्क तिरुवु."
डाव्या अंगाची चाकं उलट्या आट्यांची.
लहानपणापासून ओळखते मी या गाडीला,
आणि तासभर
सोडवते सोडवते म्हणत आवळत होते.

(बापूंशी शेवटची दोन वर्षं
मी अशीच बोलले.)

इंजिन आणि चॅसी यांच्या मधला स्टड मात्र
कुठल्याच दुकानात मिळेना.
इराप्पानं तो लेथवर कातला.
एका टोकाला बाराचे आटे, दुसऱ्याला चार सुती,
मधे बोटभर नुसतं गुळगुळीत लोखंड,
जिथं कसलेच आटे नाहीत.
चाचांनी दोन्ही टोकं चाचपली.
अंगठा मधल्या भागावर थांबला.
"पहिला मीच कातून घेतलेला,
तुझा बापू इथंच बसून होता, रात्रभर.
किती वेळा विचारलं त्यानं, टिकंल का, टिकंल का."
"मग?"
"मग काय. झालीत की चाळीस वर्षं."

संध्याकाळी गाडी काढली.
तिसरं गेट पडलेलं, मिरजेकडची रेल्वे यायची होती.
इंजिन धडधडतंय, चॅसी त्याच्याखाली
आपल्या लयीत थरथरतेय.
मागचा टेम्पोवाला दोन भाषांत हॉर्न दिल्यासारखा ओरडतोय.
मी गाडी बंद केली नाही.
पर्समधला वाकडा पाना
मांडीला टोचत राहिला.